पेटी, ट्रान्सफॉर्मर आणि फसली सन: सगळ्यातलं थोडं थोडं शिकावं का?

सफेद_पाच, बडोदे (शनिवार, रात्री ११:१०)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय घरातच निघाला. भाचा इथेच इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठ वर्षं तबला शिकला आणि गेल्या महिन्यात जोडी कपाटावर चढवली. विचारलं तर म्हणतो, "मामा, एकच काहीतरी धरायला हवं. रेझ्युमेवर पाच गोष्टी दिसल्या की समोरचा समजतो, ह्याला एकही धड येत नाही." आणि वर, "तुमचंच बघा ना!"

माझं बघायचं तर पंचवीस वर्षं मकरपुरा जीआयडीसीत (इथली औद्योगिक वसाहत) ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगला आहे. लहानपणापासून पेटी वाजवतो. मोडी लिपी शिकलो, साबण करून पाहिले, घड्याळं उघडली (जी पुन्हा मिटली नाहीत ती अजून श्रीखंडाच्या डब्यात आहेत). बायकोच्या भाषेत सब बंदर का व्यापारी.

दोन प्रसंग सांगतो. एक मिरवायचा, एक लपवायचा.

मिरवायचा आधी. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो हे सगळ्यांनी ऐकलं असेल. आतला कोअर पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पोलादी पत्र्यांचा रचलेला असतो आणि चुंबकत्व आलं-गेलं की तो पत्रा अगदी सूक्ष्म ताणतो-आकसतो. वीज ५० हर्ट्‌झची, पण चुंबकत्व कुठल्याही दिशेचं असलं तरी पत्र्याला फरक पडत नाही, म्हणून आवाज दुप्पट, १०० हर्ट्‌झचा. पेटीवर शोधाल तर खर्जातल्या (खालच्या सप्तकातल्या) सफेद पाचच्या, म्हणजे पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या, किंचित वर. माझं इथलं नाव तिथूनच आलं. हा १०० षड्ज (सा) धरा. त्याच्यावर २०० म्हणजे तोच षड्ज वरच्या सप्तकात, ३०० म्हणजे पंचम (प), ४०० परत षड्ज आणि ५०० म्हणजे गंधार (ग). जुळलेल्या तंबोऱ्यात कोणी न वाजवता जो गंधार ऐकू येतो, तोच हा. मी रोज आठ तास पन्नास टनी तंबोऱ्यासमोर बसतो म्हणा ना.

दोनेक वर्षांपूर्वी एक युनिट नो-लोड टेस्टला (वीज दिलेली, पण पुढे भार जोडलेला नाही) उभं होतं. मीटरवर आवाज मर्यादेत. मला मात्र पंचम फार बोलतोय असं वाटत राहिलं, षड्जाला दाबून. पोरं हसली. मी हट्टच धरला. टाकी उघडल्यावर वरच्या बाजूच्या क्लॅम्पचे दोन बोल्ट ढिले निघाले. आठवडाभर मी 'उस्ताद' होतो.

आता लपवायचा. मोडीचा रविवारचा वर्ग संपून सहा महिने झाले होते, म्हणजे अंगात यायला पुरेसा काळ. मावसभावाने घरातला इनामाचा एक कागद आणला. त्यावर आकड्यांत 'सन १२२५'. मला जुन्या मराठी कागदांवरची शुहूर सन ही कालगणना माहीत होती. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन. मी दणक्यात सांगितलं, कागद १८२४ चा. आता कागदावर ज्यांची निशाणी, ते पणजोबांचे आजोबा वंशावळीप्रमाणे १८१९ लाच गेलेले. म्हणजे कागद खोटा! दोन सख्खे भाऊ चार महिने बोलत नव्हते. शेवटी आमच्या मोडीच्या सरांकडे गेलो. त्यांनी एकच विचारलं, "सन शब्दांत आहे की आकड्यांत?" शुहूर सन बहुधा अरबी शब्दांत लिहितात, खमस, सीत, सबा असा. हा फसली सन होता, महसुलाच्या कामातली वेगळी कालगणना. त्यात ५९० मिळवायचे. कागद १८१५-१६ चा, आजोबा हयात, निशाणी खरी. भावांना जोडून दिलं, पण त्या घरी जेवायला जाताना अजून मान खाली जाते.

तर प्रश्न असा: दोन्ही वेळी माणूस तोच आणि दोन्ही वेळी आपल्या कामाबाहेरचं ज्ञान वापरलेलं. एकदा उस्ताद, एकदा गाढव. भाच्याला काय सांगू?

सेवउसळ (शनिवार, रात्री ११:३२)

एक ना धड भाराभर चिंध्या संघटनेच्या बडोदे शाखेतर्फे धागाकर्त्याचे अभिनंदन. श्रीखंडाच्या डब्यातल्या घड्याळांचे फोटो टाका. तूर्तास जागा पकडून ठेवतो.

भूलवाली, इंदूर (रविवार, सकाळी ७:१५)

मी भूलतज्ज्ञ. आधी माझ्या बाजूने सांगते. ऑपरेशन टेबलवर तुमचं मूल असेल तर भूल देणारी बाई अष्टपैलू आहे का, हे तुम्ही विचाराल का? तिने हे काम किती हजार वेळा केलंय ते विचाराल. किलोमागे औषधाचा हिशेब, लहान मुलाची श्वासनळी, रक्तदाब घसरला तर पहिल्या मिनिटात काय करायचं, हे हातात मुरलेलं लागतं. इथे पसरटपणा परवडत नाही. स्पेशलायझेशनला शिव्या घालायची फॅशन आहे म्हणून आधीच लिहिलं.

आता दुसरी बाजू, घरचीच. आईला चार महिने कोरडा खोकला. छातीवाल्याने फोटो काढला, नाक-कान-घसावाल्याने नळी घालून पाहिलं, तिसऱ्याने ॲसिडिटीची गोळी दिली. तिघेही आपापल्या कामात चोख आणि तिघांचेही रिपोर्ट नॉर्मल. शेवटी गल्लीतले ऐंशीच्या घरातले डॉक्टर. त्यांनी आईच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावली. रक्तदाबाची एक गोळी, रामिप्रिल, उचलली आणि म्हणाले, "ही कधी सुरू झाली?" त्या गटातल्या गोळ्यांनी काहींना असा खोकला होतो. हे मला माहीत नव्हतं का? होतं, परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं. पण आईची पिशवी मी कधी ओतली नव्हती. गोळी बदलली, तीन आठवड्यांत खोकला गेला.

त्या डॉक्टरांना तिघांपेक्षा जास्त येत होतं असं नाही. सगळी पिशवी त्यांनी एकदम पाहिली, इतकंच.

सफेद_पाच (रविवार, सकाळी ९:०५)

भूलवाली, पिशवी टेबलावर ओतणं हे फार आवडलं. आमच्याकडेही टेस्टिंगवाला, डिझाइनवाला आणि वाइंडिंगवाला एकाच युनिटकडे कधी एकत्र बघत नाहीत.

मांडवी_दरवाजा, बडोदे (रविवार, दुपारी १२:२०)

बडोद्यात राहून हा प्रश्न पडावा याचीच गंमत वाटली. इथे १८९० साली सयाजीरावांनी कलाभवन काढलं. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला एका छपराखाली आणि शिकवायचं देशी भाषेत. पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर, रसायनाचे माणूस. मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला फासलेलं डांबर कोणाला निघेना, ते यांनी काढलं. आज ज्याला आपण विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी म्हणतो ती याच कलाभवनाची वारस.

आणि तिथे शिकून गेलेल्यांत कोण? दादासाहेब फाळके. त्यांचा रेझ्युमे भाच्याला वाचून दाखवा. जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला, मग कलाभवनात चित्रकला, फोटोग्राफी, मातीकाम. गोध्र्यात फोटोग्राफीचा धंदा, तो बसला. जादूचे प्रयोग. पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन. नंतर छपाईचा कारखाना, तिथे भागीदारांशी पटलं नाही. चाळिशी गाठेपर्यंत कोणीही म्हटलं असतं, बारा पिंपळांवरचा मुंजा. मग १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'. नेपथ्य रंगवायला चित्रकार, कॅमेऱ्याला फोटोग्राफर, पडद्यावर माणूस गायब करायला जादूगार आणि फिल्म धुवायला रसायन जाणणारा लागतो. तेव्हा देशात सिनेमाचा तज्ज्ञ नव्हताच, कारण इथे कथापट जवळजवळ बनतच नव्हते. सगळ्या फसलेल्या धंद्यांचं भांडवल एका जागी लागलं.

अजून एक. विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील. १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद आपल्या बडोद्यातच भरली, त्यामागे हे वकील. राग थाटांत, म्हणजे स्वरांच्या ठरावीक गटांत, लावायची त्यांची पद्धत बघा. हा माणूस कोर्टात पुरावे लावणारा आहे हे कळतं.

कुकरच्या_शिट्ट्या (रविवार, दुपारी २:४८)

जेवणं उरकून, भांडी घासायला टाकून आले, म्हणून उशीर. वरची यादी वाचली. फाळके, भातखंडे, गज्जर. या सगळ्यांच्या घरी स्वयंपाक कोण करत होतं? पाच विद्या शिकायला पाच घटका मोकळ्या लागतात. मला नोकरी, सासऱ्यांचं पथ्य, मुलीची शाळा येवढ्यात एक विषय धरून ठेवता आला तरी खूप.

आणि बडोद्याचं कौतुक चाललंय तर हेही लिहा. १९१३ साली याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान, येवढा पैस असलेला माणूस त्या काळात दुसरा दाखवा. १९१७ ला शिष्यवृत्तीच्या बदल्यात संस्थानची नोकरी करायचा करार पाळायला बडोद्याला आले तर गावात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन हाकललं, कमाटीबागेत जाऊन बसावं लागलं. ज्ञान कितीही रुंद असो, दार कोण उघडतं हा आधीचा प्रश्न.

मांडवी_दरवाजा (रविवार, दुपारी ३:३०)

दोन्ही मुद्दे मान्य. दुसऱ्यावर काय बोलणार? त्या बागेवरून रोज जातो.

पहिल्याबद्दल एक भर. फाळक्यांच्या सरस्वतीबाईंनी नुसता स्वयंपाक केला नाही. कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, फिल्म धुणं हे सगळं त्या शिकल्या, दिवसभर युनिटला जेवू घातल्यावर रात्री. शिवाय दागिने गहाण. म्हणजे त्या घरात हरहुन्नरी दोघं होते, नाव एकाचं झालं.

कुकरच्या_शिट्ट्या (रविवार, दुपारी ३:४१)

हे माहीत नव्हतं. धन्यवाद. मुलीला सांगते.

लष्करकर, ग्वाल्हेर (रविवार, सायंकाळी ६:१२)

आमच्या ग्वाल्हेरच्या गायकीला अष्टांग म्हणतात. आलाप, बोलआलाप, तान, बोलतान, लयकारी, गमक असं सगळं एकाच मैफलीत यायला हवं, एखाद्या अंगावर मुक्काम नाही. बाहेरच्यांना वाटतं, वा, किती व्यापक! पण शिकवतात कसं? माझ्या गुरुजींनी पहिली दोन वर्षं यमनच्या बाहेर पाऊल टाकू दिलं नाही. मी कंटाळून लपून भैरवी बसवली. त्यांनी ऐकली आणि म्हणाले, "भैरवीतला तुझा गंधार यमनातून पळून आलाय." आठही अंगं शिकलो ती त्या एका यमनात.

भातखंड्यांचं नाव निघालं म्हणून सांगतो, १९१८ ला इथे माधव संगीत महाविद्यालय निघालं ते त्यांच्याच पद्धतीवर. आमच्याकडचे जुने लोक अजून कुरकुरतात, वकिलाने राग खणांत कोंबले म्हणून. आणि त्याच क्रमिक पुस्तकांतून बंदिशी काढून गातात.

भाच्याला म्हणावं, आठ वर्षांचा हात आहे, आठवड्याला दोन तास पुरतात. कपाटावरून उतरव.

नमुना_चाचणी (रविवार, रात्री ९:५०)

संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे उदाहरणं ऐकली की हात शिवशिवतात. फाळक्यांसारखे पाच धंदे केलेले आणि कुठेच न पोचलेले हजारो असतील, त्यांचे धागे निघत नाहीत. तेव्हा जिंकलेल्यांवरून नियम काढू नका.

पण एक उदाहरण मला सोडवत नाही, कारण त्यात यश आणि घसरण दोन्ही आहेत, धागाकर्त्यासारखीच. दामोदर धर्मानंद कोसंबी. बडोद्याचा धागा इथेही आहे: वडील धर्मानंदांना सयाजीरावांनी महिना ५० रुपये देऊ केले, अट अशी की महाराष्ट्रात राहायचं आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचं. दामोदर मूळचे गणिती. जनुकशास्त्रात, गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर काढायचं त्यांचं सूत्र आजही त्यांच्या नावाने वापरतात. १९४८ ला भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती. पुढे प्राचीन इतिहास.

मला सगळ्यात भावतं ते त्यांचं नाण्यांचं काम. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. सगळी नाणी सारखी फिरत नाहीत, म्हणून काळ जाईल तशी सरासरी वजन घटतं आणि नाण्यानाण्यातला फरक वाढतो. मग ठेव्यातली नाणी तोलून कोणती आधीची, कोणती नंतरची हे सांगता यायला हवं. तक्षशिलेच्या आहत (ठसे मारून पाडलेल्या प्राचीन) नाण्यांवर हे लावायच्या आधी त्यांनी काय केलं असेल? बाजारात चालू असलेली नाणी गोळा करून तोलत बसले. त्यांच्यावर साल छापलेलं असतं, म्हणजे उत्तर आधीच माहीत. आपली युक्ती जिथे खोटी पडू शकते तिथे ती आधी नेऊन पाहिली. वर्गात हे सांगताना मी दरवर्षी खिशातली नाणी टेबलावर काढतो. हल्ली मुलांकडे नाणीच नसतात, यूपीआय.

आणि घसरण? ती इतिहासात किंवा संस्कृतात नाही, खुद्द गणितात. रीमानचं गृहीतक (मूळ संख्यांबद्दलचं गणितातलं प्रसिद्ध कोडं) संभाव्यतेच्या वाटेने सिद्ध केल्याचा लेख त्यांनी १९५९ ला छापला आणि तोही कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. पिकांच्या नमुन्यांचा हिशेब करणाऱ्या अंकात अंकसिद्धांत कोण तपासणार? सिद्धता टिकली नाही.

सफेद_पाच, तुमच्या दोन प्रसंगांतला फरक मला इथे दिसतो. बोल्टच्या वेळी टाकी उघडून बघायची सोय होती. कान चुकला असता तर अर्ध्या तासात कळलं असतं आणि पोरं अजून हसली असती. मोडीच्या वेळी तुम्ही टाकी उघडलीच नाही. चार महिने.

सेवउसळ (रविवार, रात्री १०:०४)

मी थट्टा करायला आलो होतो. आता खिशात नाणं शोधतोय.

भूलवाली (रविवार, रात्री १०:२०)

नमुना_चाचणी, +१. फक्त आमच्याकडे टाकी उघडून बघायची सोय नेहमी नसते. म्हणून मी इतकी कडक.

सफेद_पाच (सोमवार, सकाळी ६:४०)

झोप लागली नाही नीट. नमुना_चाचणी, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

खरं सांगू का? मोडीचा कागद बघताना सरांना फोन करावा असं मनात आलं होतं. नंबर होता, दुपारचे चार वाजले होते, ते जागेच असतात. केला नाही, कारण मावसभाऊ समोर बसला होता आणि बोल्टनंतर उस्ताद म्हणवून घ्यायची चटक लागली होती. कमी येत होतं ते चाललं असतं. विचारायची लाज वाटली.

पेटीचं तसं नाही. तिथे शेजारचे काका आहेत, सूर हलला की भिंतीवर टिचक्या मारतात. तीस वर्षं मारतायत. साबणाच्या वेळी बायको होती, पहिल्या वडीने हात सोलले तेव्हा तिने उरलेल्या सगळ्या मोरीत टाकल्या. घड्याळांच्या वेळी कोणीच नव्हतं. डबा तुम्हाला माहीत आहे.

उडता_तबला (सोमवार, दुपारी १:१५)

मामा, मी वाचतोय सगळं. आईने लिंक पाठवली.

इतका मोठा विषय नव्हता हो. रेझ्युमेचं मी म्हणालो ते खरं, पण क्लास सोडला कारण या सेमिस्टरला सोमवार-गुरुवार लॅब साडेपाचपर्यंत असते आणि क्लास पाचला दांडिया बाजारात. तीनदा उशिरा पोचलो, गुरुजी काही बोलले नाहीत, नुसतं घड्याळाकडे पाहिलं. मग जायची हिंमत झाली नाही.

आणि तो पंचम मला ऐकायचाय. रविवारी टेस्टिंग चालू असतं का?

कुकरच्या_शिट्ट्या (सोमवार, दुपारी १:२२)

गुरुजींना जाऊन वेळ बदलून माग रे बाळा. धागा दोन दिवस चालला त्यापेक्षा कमी वेळ लागेल.

सफेद_पाच (सोमवार, रात्री ८:३०)

उडता_तबला, रविवारी बंद. शनिवारी सकाळी ये, बूट घालून, चपला चालत नाहीत. गेटवर माझं नाव सांग.

लष्करकर (सोमवार, रात्री ९:१०)

अवांतर होतंय, पण धागाकर्त्यांना मोडी येतं म्हणून विचारतो. आमच्या वाड्यात एक जुना रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) आहे, त्यातल्या एका कागदाचा फोटो देऊ का? वर 'सन' आहे आणि पुढे आकडे, १२३८ सारखे दिसतात. कोणता काळ असेल?

सफेद_पाच (सोमवार, रात्री ९:१४)

फोटो जरूर पाठवा, नीट उजेडात काढा, घडी पडलेली जागा सपाट करून. मी काही सांगणार नाही. सरांचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करतो, दुपारी चारनंतर लावा.